तांबडा दिवा

मोटारगाडीच्या इंजिनाविषयी आम्ही लेखणी उचलावी, हे पाहून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस हसू आल्यावाचून राहणार नाही. शब्दांची रूपे चालविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने गाडी चालविण्याविषयी काय सांगावे? परंतु गेल्या श्रावणात आमच्या हातून जी चूक घडली, ती अनेक सुशिक्षित घरांत घडत असावी, म्हणून लिहितो.

आमच्या कैलासवासी वडील बंधूंनी १९९८ साली घेतलेली मारुती ८०० आमच्या घरी अद्याप आहे. वहिनींचा तीवर फार जीव. एका रविवारी त्यांस घृष्णेश्वराचे दर्शन घडवून आम्ही वेरुळाहून छत्रपती संभाजीनगरास परतत होतो. खुलदाबादेस भद्रा मारुतीपुढे नारळ वाढविला, घाट उतरलो आणि दौलताबादेस दिल्ली दरवाजापाशी वाहनांच्या रांगेत अडकलो. इंजिन तापलेले, गाडी जागच्या जागी धडधडत उभी. इतक्यात समोरच्या फळीवर तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लागला.

आम्ही उतरून, इंजिन बंद करून, तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत होते! पुन्हा इंजिन सुरू करून पायाने जरा वेग दिला, तो दिवा विझला. आम्ही लागलीच अनुमान बांधले की, तेल भरपूर आहे त्या अर्थी दिवा खोटा. तर्कशास्त्रात ज्याला हेत्वाभास म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्ही वर्गात कधी दिले नसेल. त्या अनुमानाच्या भरवशावर वहिनींसह पुढील चौदा-पंधरा किलोमीटर आम्ही तशीच गाडी हाकली.

तो दिवा तेल किती आहे हे सांगतच नाही. तेलाचा दाब किती आहे एवढेच तो सांगतो. आमच्या शहरातील पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे चटकन उमजेल. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी बंद मातीच्या नळांतून येते, भिंतीतून वर चढते आणि उंचावरून हौदात कोसळते. झरा कितीही भरलेला असो. नळाच्या तोंडाशी गाळ बसला की येथली धार मंदावणारच. तेथे दाब उंचीने येतो, इंजिनात तो पंप उत्पन्न करतो, एवढाच भेद. पंप तळच्या चेंबरमधून जाळीवाटे तेल ओढून फिरत्या दांड्याच्या बेअरिंगांत दाबाने ढकलतो. तेथे केसाहून बारीक फटीत तेलाचा पापुद्रा राहतो, आणि त्यावरच सगळा भार तरंगत असतो. तापले की तेल पातळ होते, इंजिन सावकाश फिरू लागले की पंपही मंदावतो. म्हणून दुखणे प्रथम उभ्या गाडीत, गरम इंजिनात प्रकट होते. वेग दिल्याने दिवा विझला, म्हणजे दुखणे गेले असे नव्हे. शिवाय तो दिवा लागतो तोच मुळी दाब चौरस इंचास चार ते सात पौंडांच्याही खाली गेल्यावर. म्हणजे ती पहिली सूचना नव्हे, शेवटची.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथील गृहस्थांनी बॉनेटही न उघडता निर्णय दिला, "हाफ इंजिन करावे लागेल." खर्च पंचवीस हजार. घरी येताच पुतण्या म्हणाला, "काका, भंगारात देऊन टाकू." वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्या जेवल्याही थोड्याच.

अखेर जुन्या मोंढ्याकडील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, पहले नापेंगे, बाद में खोलेंगे." दिव्याचा स्विच काढून त्यांनी त्या जागी काट्याचे गेज बसविले आणि इंजिन पुरते तापू दिले. काटा चारावर! वेग वाढवून मिनिटास तीन हजार फेऱ्या केल्या, तरी वीसापलीकडे जाईना. दर हजार फेऱ्यांस दहा पौंड हा त्यांचा ठोकताळा. तेव्हा स्विच निर्दोष ठरला, दिवा सत्यवादी ठरला, आणि खोटे पडलो ते आम्ही.

मग तेल काढून चेंबर उतरविले. जाळीवर काळा, लोण्यासारखा घट्ट गाळ थापला होता आणि त्यात सांधे बंद करण्याच्या लुकणाचे रबरी तुकडे अडकले होते. मागे कोणीतरी चेंबर बसविताना ते सढळ हाताने लावले असावे. मात्र गाळाचे पातक आमचेच. गाडी वर्षभरात हजार किलोमीटरही चालत नाही, मग तेल कशाला बदलावयाचे, असा आमचा हिशेब. मंडई आणि देऊळ एवढ्याच फेऱ्या. इंजिन पुरते तापतच नसे, तेव्हा आतली वाफ आणि पेट्रोलचा अंश तेलातच राहून ते नासत गेले. तेल किलोमीटरांनी जसे जुने होते, तसे महिन्यांनीही होते, हे आम्हांस तेव्हा कळले.

मिस्त्रींनी एका बेअरिंगची टोपी सोडून आम्हांस आत पाहावयास लाविले. वरचा पांढुरका थर शाबूत होता; तो झिजून खालचे तांबे दिसू लागले असते, तर पहिल्या गृहस्थांचेच म्हणणे खरे ठरते. ते चौदा-पंधरा किलोमीटर आठवून आमच्या अंगावर काटा आला.

जाळी धुतली, नवे फिल्टर व तेल घातले. गाळ विरघळविणारे औषध ओतावे असे पुतण्याने सुचविले. मिस्त्रींनी ते साफ नाकारले. वर चिकटलेला गाळ एकदम सुटून पुन्हा जाळीतच बसेल, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी पाचशे किलोमीटरांनी तेल पुन्हा बदलण्यास सांगितले. गरम इंजिनात काटा आता सावकाश फेऱ्यांवर पंधराला, वेगात पंचेचाळीसला गेला. एकूण खर्च तीन हजारांच्या आत.

मार्गशीर्षात वहिनींस घेऊन पुन्हा वेरुळास गेलो. परतताना दिल्ली दरवाजापाशी याही खेपेस अर्धा तास खोळंबलो. वहिनी माळ ओढीत होत्या. आमची दृष्टी त्या झारीच्या चित्रावर खिळली होती. दिवा लागला नाही.