बोगद्याचं तिकीट काढताना

इंग्लंडचं डोव्हर आणि फ्रान्सचं कॅले यांच्या आसपास, सगळ्यात अरुंद जागी, दोन्ही देशांमध्ये जेमतेम ३३ किलोमीटर समुद्र आहे. बेळगावहून निपाणीला जायचं तर याच्या दुपटीहून जास्त अंतर कापावं लागतं. या चिंचोळ्या समुद्राच्या तळाखालून आपली गाडी, तिच्यामागे जोडलेली कॅरॅव्हॅन आणि गाडीत बसलेलं अख्खं कुटुंब पलीकडे नेता येतं. मात्र बोगद्यात रस्ता नाही, रूळ आहेत. आपली गाडी आगगाडीच्या पोटात चढवायची आणि साधारण ३५ मिनिटांनी फ्रान्समध्ये उतरवायची.

२०२५च्या जूनमध्ये आम्ही पाच जण असे गेलो: बेळगावहून आलेले आई-बाबा, मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. आपल्या मंडळातल्या अनेक घरांतली मुलं, भाचरं आता इंग्लंडात आहेत आणि त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे आजी-आजोबाही वाढले आहेत. म्हणून ही हकीकत जरा तपशिलात लिहितो.

दोनशे वर्षांचं घोडं

या बोगद्याची कल्पना १८०२ सालची. आल्बेर मातिए नावाच्या फ्रेंच अभियंत्याने घोडागाड्यांसाठी तेलाच्या दिव्यांनी उजळलेला बोगदा सुचवला होता. घोडे बदलायला मध्ये एक कृत्रिम बेटही होतं. १८८०च्या सुमारास दोन्ही बाजूंनी खोदकाम सुरूदेखील झालं, पण बोगद्यातून परकं सैन्य आत येईल या भीतीने इंग्लंडने ते थांबवलं. खरं काम सुरू झालं ते १९८८मध्ये. १ डिसेंबर १९९० रोजी ग्रॅहम फॅग हा इंग्रज कामगार आणि फिलिप कोझेत हा फ्रेंच कामगार यांनी मधल्या सेवा-बोगद्यात भोकातून एकमेकांशी हात मिळवले. ६ मे १९९४ला राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं.

एकूण लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यातले जवळजवळ ३८ समुद्राखाली. आपल्या कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, यावरून अंदाज यावा. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

बोट की बोगदा?

डोव्हरहून कॅलेला बोटीही जातात. दीड तास लागतो, समुद्र दिसतो, डेकवर हिंडता येतं. पण बोटीत गाडी खालच्या मजल्यावर लावून सगळ्यांनी वर जावं लागतं. बाबांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. बोटीत लिफ्ट असते, पण गाड्यांच्या फटींतून काठी टेकत तिथवर जायचं आणि उतरताना घाईत परत यायचं, हे त्यांना नको होतं. आईचं म्हणाल तर पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीतही ती डोळे मिटून बसते. शटलमध्ये माणसं आपापल्या गाडीतच बसून राहतात. निर्णय झाला.

फॉर्मचे रकाने

ही सेवा ‘ल शटल’ या नावाने चालते आणि तिकीट ऑनलाइन काढायचं असतं. दर माणशी नसतो, गाडीमागे असतो. एका गाडीत नऊ जणांपर्यंत चालतात. हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे आम्ही दोघं फुकटच की!”

फॉर्म पहिल्यांदा विचारतो ते वाहनाबद्दल. मागे काही जोडलंय का? उंची १.८५ मीटरपेक्षा जास्त आहे का? कॅरॅव्हॅन अर्थातच जास्त उंच असते, म्हणून तिला दुमजली डब्यात जागा नाही, एकमजली डब्यात जावं लागतं. कॅरॅव्हॅनची नोंद केली नाही तर ऐनवेळी जागा नसण्याची शक्यता, म्हणून लांबी-उंची आधी टेपने मोजावी. मी मोजायला गेलो तेव्हा टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं.

मग वेळ. दर तासागणिक बदलतात आणि मध्यरात्रीच्या गाड्या स्वस्त पडतात. पण बाबा इन्सुलिन घेतात. इन्सुलिनची वेळ, जेवणाची वेळ आणि फ्रान्सचं एक तास पुढे असलेलं घड्याळ असं तिहेरी गणित होतं. शिवाय पलीकडे उतरल्या उतरल्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, मागे सात मीटरचं घर ओढत गाडी चालवायची, तीही अंधारात, हे कुणालाच पसंत नव्हतं. म्हणून सकाळचा नाश्ता आणि टोचणी घरी, दुपारचं जेवण फ्रान्सच्या घड्याळाने फ्रान्समध्ये, आणि मुक्कामावर उजेडी पोचायचं, असं उलट मोजत आम्ही साडेदहाच्या आसपासची गाडी धरली. थोडे पैसे जास्त गेले. बाबा दोनदा म्हणाले, “माझ्यासाठी उगाच खर्च.” बायको म्हणाली, “बाबा, तिकीट गाडीचं आहे, तुमचं नाही.” त्यावर ते हसले आणि विषय संपला.

तारीख बदलता येईल असं तिकीट घ्यावं, हा माझा आग्रह होता, कारण व्हिसा. आमची मुलगी ब्रिटिश नागरिक, बाकी आम्ही चौघं भारतीय पासपोर्टवाले. फ्रान्ससाठी चौघांनाही शेंगेन व्हिसा लागतो. इंग्लंडला पाहुणे म्हणून आलेल्यांनी तिथून तो काढता येईल या भरवशावर राहू नये. आई-बाबांनी भारतातूनच काढला. इंग्लंडचा व्हिसाही पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे बघून घ्यावं, नाहीतर जाता येईल आणि परतता येणार नाही.

गॅस आणि कुंदा

कॅरॅव्हॅनमध्ये स्वयंपाकाला गॅस असतो आणि बोगद्यात त्याची धास्ती साहजिक आहे. नेता येतील अशा सिलिंडरांना मर्यादा आहे: एकच असेल तर ४७ किलोपर्यंत, अनेक असतील तर सगळे मिळून ५० किलो. आमच्याकडे सहा-सहा किलोचे दोन. आईने लगेच हिशेब केला, म्हणजे घरच्या एका सिलिंडरापेक्षाही कमी. गाडीत चढण्याआधी कर्मचारी सिलिंडर बंद आहे का ते बघतात. फ्रिज गॅसवर चालू ठेवून चालत नाही. म्हणून इन्सुलिन कॅरॅव्हॅनच्या फ्रिजमध्ये न ठेवता थंड पिशवीत घालून आमच्याबरोबर गाडीत ठेवलं.

खरी पंचाईत खाण्याची झाली. ब्रिटनमधून युरोपीय संघात जाताना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. एप्रिल २०२५पासून परत येतानाही तसाच निर्बंध आहे. आईने आमच्या इंग्लंडातल्या स्वयंपाकघरात दोन तास दूध आटवून, ढवळून बेळगावी कुंदा केला होता, खास प्रवासासाठी. तो नेता येणार नाही म्हटल्यावर ती गप्प झाली. मग आदल्या संध्याकाळी शेजारच्या चार घरी वाट्या गेल्या. तुपाची बरणीही घरीच राहिली. भडंग, चटणी, मेतकूट मात्र बिनदिक्कत आलं.

पस्तीस मिनिटं

फोकस्टनचं स्थानक एम-२० महामार्गाला लागूनच आहे. वरच्या टेकडीवर पांढरा घोडा दिसतो, २००३ साली केलेला. नंबरपट्टी ओळखून यंत्र आपलं तिकीट दाखवतं आणि एक अक्षर लिहिलेला कागद देतं, तो आरशाला अडकवायचा. पाटीवर आपलं अक्षर आलं की निघायचं.

इथली एक गोष्ट मला फार आवडली. ब्रिटिश आणि फ्रेंच, दोन्ही तपासण्या इंग्लंडच्या जमिनीवरच होतात. पलीकडे उतरलं की सरळ महामार्ग, कुणी अडवत नाही. आम्हाला पासपोर्टवर शिक्के मिळाले. ऑक्टोबर २०२५पासून युरोपात टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा आता जाणाऱ्यांनी जादा वेळ हाताशी ठेवावा. फ्रेंच अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, कुठे जाणार? बाबांनी एकच शब्द सांगितला, “नव्ह-शापेल.” त्याने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शिक्का मारला.

बाबा नंतर म्हणाले, “शिनोळीच्या पुढे गेलं की केए-२२च्या गाड्या कमी आणि एमएच-०९च्या जास्त दिसतात, एवढीच आपली सीमा. तरी तिच्यापायी किती वर्षं गेली. इथे मध्ये समुद्र आहे, भाषा वेगळी आहे, आणि काम दोन खिडक्यांत झालं.” आम्ही कुणी काही बोललो नाही.

गाडीत चढताना एका बाजूच्या डब्यातून आत शिरायचं आणि डब्यांमधूनच पुढे पुढे जायचं. कॅरॅव्हॅनसह अंग चोरून जावं लागतं, पण कर्मचारी हाताने खुणा करत असतात. मग इंजिन बंद, हँडब्रेक वर, काचा अर्ध्या खाली. डब्यांमधली दारं बंद होतात आणि किंचित हादरा बसून गाडी निघते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही. मुलगी सारखी विचारत होती, आता आपल्या डोक्यावर मासे आहेत का? आजोबांनी तिला सांगितलं, आधी दगड, मग मासे, मग बोटी. आई जागीच होती. डोळे उघडे ठेवून तिने समुद्र ओलांडला तो हा पहिलाच.

पलीकडे

उतरलो ते थेट ए-१६ महामार्गावर. पहिल्या वळणापर्यंत बायको दर मिनिटाला “उजवीकडे, उजवीकडे” म्हणत होती. पहिल्या दुकानात आईने बिनमिठाचं लोणी घेतलं आणि संध्याकाळी कॅरॅव्हॅनमध्ये तूप कढवलं. फ्रान्सचं लोणी, इंग्लंडचा गॅस. शेजारच्या तंबूतली डच बाई वासाने चौकशीला आली आणि भात खाऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कॅरॅव्हॅन तिथेच ठेवून नव्ह-शापेलला गेलो. मार्च १९१५मध्ये तिथे भारतीय सैनिक लढले. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७००हून अधिक भारतीयांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. १९२७ साली ते उभं राहिलं. गोल भिंत, मध्ये अशोकस्तंभाची आठवण देणारा उंच खांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी वाघ. मराठा पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. तरी बेळगावात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या गावात आयुष्य गेलेला माणूस तो. पहाटे रिक्रूट धावताना ऐकत ते मोठे झाले. भिंतीजवळ त्यांनी काठी मुलीच्या हातात दिली आणि एक हात दगडाला लावून हळूहळू नावं वाचत गेले. तासभर. आम्ही घाई केली नाही.

परत गेल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो पाठवला. कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे अशी खासगी मोटारी रेल्वेवरून नेण्याची सेवा सुरू केली होती. ट्रक तर १९९९पासूनच जातात. फरक इतकाच, की इथे माणसं मोटारीत नाही, वेगळ्या डब्यात बसतात. खाली बाबांनी लिहिलं होतं: “पुढच्या गणपतीला तुम्ही इकडे या. तिकीट मी काढतो. फक्त गाडीची उंची मोजून कळव.”