गोदाकाठचे नाव, टोकियोच्या उपसागरात

लातूरहून अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडला येणाऱ्या प्रवाशाला समुद्राची आठवण व्हावी असे वाटेत काहीच नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन आणि तूर, आणि शेवटी गोदावरीचे विस्तीर्ण पात्र. तरीही दुसऱ्या महायुद्धाचा शेवट झाला तेव्हा या मुलखाच्या राज्यकर्त्याचे नाव समुद्रावर हजर होते.

नांदेडच्या जुन्या मंडळींच्या तोंडी 'उस्मानशाही मिल' हे नाव अद्याप आहे. ही कापडगिरणी ज्यांच्या नावाने उभी राहिली, त्या हैदराबादच्या सातव्या निजामाचा, मीर उस्मान अली खान यांचा, किताब एका विनाशिकेलाही मिळाला. त्यांनी ब्रिटनला केलेल्या अर्थसाहाय्याची ती पोच होती. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे बांधलेली 'निजाम' जुलै १९४० मध्ये पाण्यात उतरली आणि जानेवारी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलात दाखल झाली. नाव हैदराबादचे, मालकी ब्रिटनची आणि खलाशी ऑस्ट्रेलियाचे, असा हा विलक्षण संसार होता.

त्याच वर्षी क्रीट बेटावरून माघार घेणारे सैन्य तिने सोडवून आणले. वेढ्यात सापडलेल्या तोब्रुक बंदराला रात्रीच्या अंधारात रसद पोहोचविली. तिच्यावरचा सर्वांत कठीण प्रसंग मात्र शत्रूने आणलेला नव्हता. ११ फेब्रुवारी १९४५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाजवळ एका प्रचंड लाटेने ती जवळजवळ आडवी झाली आणि दहा खलाशी वाहून गेले. त्यांपैकी कोणी नांदेड हे नाव ऐकले असेल, असे वाटत नाही. पुढे ओकिनावाच्या मोहिमेत भाग घेऊन ती जपानकडे वळली. २ सप्टेंबर १९४५ रोजी 'मिसुरी' या अमेरिकन युद्धनौकेवर जपानच्या प्रतिनिधींनी शरणागतीपत्रावर सह्या केल्या, तेव्हा टोकियोच्या उपसागरात उभ्या असलेल्या दोस्तराष्ट्रांच्या ताफ्यात 'निजाम' होती.

या औदार्यामागचा पैसा कोठून येत होता? लातूरच्या गंजगोलाईत उभे राहिले की हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. या गोल बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या रस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या गावांचा माल येत आला. संस्थानाच्या तिजोरीचा मोठा आधार शेतसारा हाच होता. येथील व्यवहार हाली सिक्क्यात चाले. सात हाली रुपये म्हणजे ब्रिटिशांचे सहा. मराठवाड्यातील कुणब्याने भरलेल्या रुपयाचा हिशेब क्लाइडबँकच्या गोदीपर्यंत लावता येत नाही, पण दात्याचे नाव जहाजावर कोरले गेले आणि सारा भरणाऱ्याचे कोठेच नाही, एवढे दिसते. त्याच काळात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली ही प्रजा जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगवास सोसत होती.

टोकियोनंतर तीन वर्षे आणि पंधरा दिवसांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाने शस्त्रे खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. नांदेड-लातुरात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, ते याच मुक्तीचे.

'निजाम' विनाशिका त्यापूर्वीच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, ब्रिटनकडे परत गेली होती. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये ती मोडीत निघाली.