पाकळीचा ल

तालमीत शोकसभा झाली तेव्हा बोलायला उठलेल्या जवळपास प्रत्येकाचा सूर एकच होता. फ्लेक्स आला, हातची कला गेली, कामं गेली, पेंटर आतून खचला आणि शेवटी गेला. ऐकायला बरं वाटतं हे. पुढे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शोकसभेत वाद घालायचा नसतो म्हणून मी गप्प बसलो. पण तो असा खचणारा गडीच नव्हता. त्याला नेलं ते बिडीने.

आम्ही सगळे त्याला पेंटरच म्हणायचो, खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. कोल्हापुरात हे बिरुद हलकं नाही. बाबूराव मेस्त्री इथेच बाबूराव पेंटर झाले. 1920 साली त्यांनी ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही ते स्वतःच रंगवायचे. बाबूराव वारले 1954 साली, आमचा हा जन्मला त्यानंतर. पण त्यांच्या गोष्टी असा सांगायचा, की वाटावं परवाच गंगावेशीत दूध प्यायला दोघं बरोबर होते.

त्याचं बोर्ड रंगवणं बघायला मला आवडायचं. खडू लावलेलं सूत दोन टोकांना ताणायचं, मध्ये बोटाने उचलून सोडायचं, की पत्र्यावर शिरोरेषा उमटली. नवशिका डावीकडून सुरुवात करतो आणि शेवटची दोन अक्षरं उजव्या कडेला चेंगरतात. हा दुकानाच्या नावातलं मधलं अक्षर आधी टाकायचा आणि तिथून दोन्हीकडे पसरत जायचा. मात्रा, वेलांटी, रफार यांना वर जागा राखायची, उकारांना खाली. “आपली अक्षरं टांगलेली असत्यात, उभी नसत्यात. त्यांच्या डोक्यावर मोकळं ठेव, मर्दा,” हे त्याने मला इतक्यांदा सांगितलंय की मी पेंटर नाही, मराठीचा मास्तर आहे, हे त्याला माहीत होतं की नाही अशी शंका यायची.

वेळेवर मात्र काही द्यायचा नाही. माझ्याच लग्नात मांडवाच्या दारावरचं ‘शुभविवाह’ अक्षता पडून गेल्यावर पुरं झालं. सुरुवातीच्या फोटोंत आमच्या पाहुण्यांच्या डोक्यावर नुसतं ‘शुभ’ आहे.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही नाटकं करायचो, केशवराव भोसले नाट्यगृहात. लिहायचो मी, नेपथ्य त्याचं. एका नाटकात ओल आलेली, जुनी भिंत हवी होती आणि खिशात दमडी नव्हती. त्याने कुठल्याशा टॉकीजचं कापडी बॅनर पैदा केलं, उलटं टांगलं आणि त्यावर चुना, काव आणि चहाचं पाणी मारलं. भिंत झकास झाली. रंगीत तालमीला दिवे लागले आणि भिंतीतून हळूहळू एका नटीचे डोळे वर आले, पुसट, पण रोखून बघणारे. आम्ही घाबरून म्हटलं, अजून एक हात मार. तो ढिम्म. त्याने ते डोळे मुद्दामच ठेवले होते. नाटकातली विधवा आत्या त्या भिंतीला पाठ लावून बसायची, आणि तिच्या डोक्यामागे कुणीतरी नटूनथटून जागं असायचं. मी अख्ख्या दुसऱ्या अंकात जे सांगायला धडपडत होतो, ते त्याने चहाच्या पाण्यात सांगून टाकलं होतं. परीक्षकांनी भिंतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या संवादांबद्दल काढली, ती इथे नकोत.

मग फ्लेक्स. एक पावसाळा तो रुसून बसला, हे खरं. त्यानंतर पुतण्याने फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि हा रोज संध्याकाळी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहायला लागला. पहिलं भांडण झालं ल वरून. कॉम्प्युटरमधला ल दांडीचा, हिंदी पुस्तकांत असतो तसा. याला हवा होता दोन पाकळ्यांचा. श सुद्धा देठाचाच पाहिजे. पुतण्या म्हणाला, काका, गिऱ्हाइकाला काय फरक पडतोय? याने घरी जाऊन ड्रॉइंगच्या कागदावर सगळी मुळाक्षरं काढली आणि दुसऱ्या दिवशी स्कॅन करायला लावली. पुढची कितीतरी वर्षं पेठेतल्या फुटबॉल संघांचे, वाढदिवसांचे फ्लेक्स त्याच्या अक्षरांत निघाले. खाली कुठे नाव नाही, जादा पैसे नाहीत, आणि पुतण्याचं म्हणणं खरंच होतं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. यात खचलेला माणूस मला तरी दिसत नाही. खेळणं बदललं होतं, एवढंच.

2019 च्या महापुरात शाहूपुरीतली दुकानं पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर तो फडकं घेऊन निघाला. मला वाटलं मदतीला चाललाय. गडी आपल्या जुन्या बोर्डांवरचा चिखल पुसून लाल रंग टिकलाय का ते बघत होता. दुकानदार आत भिजलेला माल उपसतायत, आणि हा बाहेरून ओरडतोय, “इनॅमल हाय, हलणार न्हाई!” एकाने त्याला घातलेल्या शिव्या मी स्वतः ऐकल्या. मग मात्र आत शिरून दुपारपर्यंत पोती ओढली त्याने.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधलेली, 1915 सालची वास्तू, आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. मीही. त्याला तेव्हा दम लागायचा, तरी चालत आला. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आता बांधतील तवा विंग मोठी करा म्हणावं. सेट निघतच न्हवता भायर.”

आजारपण लांबलं नाही. ब्रश हातात ठरेना तेव्हा त्याने खोक्यातले सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुऊन वाटून टाकले. मला दिलेल्याचं मी काय करणार होतो, देव जाणे.

गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदाराने मला थांबवलं. त्याच्या दारावर पेंटरने रंगवलेला बोर्ड आहे, पार विटलाय, एक कोपरा गंजलाय. पोरगा नवा लावूया म्हणतो, पण याला धीर होत नाही. पेंटरची आठवण आहे ना, म्हणाला. मी त्याला सांगितलं, खुशाल काढा. विटलेला बोर्ड बघितला की पेंटर गिऱ्हाइकाला तोंडावर बोलायचा, तुमचं दुकान आजारी दिसतंय म्हणून. मग नवा कुणाकडून करून घेऊ, असं त्याने विचारलं, तेव्हा मी पुतण्याचा नंबर दिला. दुकानाच्या नावात दोन ल आहेत, छापायच्या आधी ते बघून घ्या, एवढं मात्र बजावलं.