नुसतं ‘कास्ट’ लिहू नका

कोल्हापुरात ‘कास्ट’ म्हटलं की समोर कोण आहे ते आधी बघावं लागतं. उद्यमनगरात किंवा शिरोलीत त्याचा अर्थ ओतकाम. जयप्रभा स्टुडिओच्या आठवणी काढणाऱ्यांत पिक्चरमधली पात्रं. तहसील कचेरीत दाखला. मी पॅटर्नमेकर, माझं पोट पहिल्या अर्थावर.

आमचं काम ओतण्याच्या आधीचं. सागवानात वस्तूचं रूप घडवायचं. मोल्डर ते वाळूत दाबून पोकळी करतो आणि तिच्यात वितळलेल्या धातूचा रस पडतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चौदाशे अंशांच्या आसपास ओततात; निवताना ते शंभराला साधारण एक आकसतं. लेथचा मीटरभर बेड हवा असेल तर पॅटर्न सेंटिमीटरभर मोठा करायचा. ही सूट धरूनच खुणा केलेली वेगळी पट्टी आमच्याकडे असते. (ती घरी नेऊन पडद्याचं कापड मोजू नये.) उभ्या बाजूंना किंचित उतारही द्यावा लागतो, नाहीतर पॅटर्न उपसताना वाळूच्या कडा ढासळतात. थोडक्यात, चांगला पॅटर्न म्हणजे हिशोबाने चुकीच्या मापाचा.

या इंग्रजी शब्दाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत, अर्थ फेकणं. त्यातूनच गळ टाकणं, मत टाकणं, रस ओतणं, भूमिका वाटणं. जातीचा ‘कास्ट’ मात्र पोर्तुगीज ‘कास्टा’वरून आलेला, परक्या घराण्यातला. इंग्रजीत त्याच्या शेपटीला एक ‘ई’ जास्त असतो. देवनागरीत तो गळतो आणि दोघे एका छपराखाली येतात.

आमच्या गावाला हे सगळेच अर्थ जवळचे. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. आणि कारागिराच्या घरातले बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी कॅमेरा स्वतः घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. हत्यारं हाताळणाऱ्या माणसाने पात्रं निवडली, याचं मला फार अप्रूप आहे.

मराठीत बीड, पात्र, जात असे शब्द सुटे आहेत. बीड म्हटल्यावर कुणाला जिल्हा आठवला तर आठवो.

पॅटर्न टाकायला याल तेव्हा एवढं करा: ड्रॉइंगवर नुसतं ‘कास्ट’ लिहू नका, धातू लिहा. स्टील बिडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. ते कळल्याशिवाय मला पट्टीच उचलता येत नाही.