तिथं अंधार असतोय, सर

आमच्या लातुरात चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी मागून न्यायचा असतो. त्या दिवशी ते रजेवर होते, म्हणून सातवीच्या पोरांना मी प्रोजेक्टरवर कलासमीक्षक जॉन बर्जर दाखवला. ‘वेज ऑफ सीइंग’, बीबीसी, १९७२. अर्ध्या-अर्ध्या तासाचे चार भाग. सुरुवातीलाच हा माणूस बोटिचेलीच्या चित्रातून व्हीनसचा चेहरा चाकूनं कापून काढतो. कापतो ती नक्कलच, पण पोरं ‘अरे अरे’ करत बाकावरून उठली.

इंग्रजी झेपेना, तेव्हा आवाज बंद करून मीच सांगत राहिलो. पूर्वी चित्र आपल्या जागी असायचं, बघायचं तर तिथं जावं लागायचं. कॅमेरा आला अन् चित्रच घरोघरी यायला लागलं, येताना अर्थ बदलून. पुढं बर्जर शाळकरी मुलांना काराव्हाज्जोचं एक चित्र दाखवतो आणि त्यातला येशू बाई की पुरुष, यावर ती वाद घालतात. आमच्याकडंही तोच वाद पेटला. दाढी नाही म्हणून बाई. खांदे रुंद म्हणून बाप्या.

मग मी निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरातली हरगौरी लावली. चालुक्यकाळातलं तीन गाभाऱ्यांचं देऊळ. एकात पिंड, एकात विष्णू, एकात ही शंकराच्या मांडीवर बसलेली पार्वती. फोटो नेटवरचा, झगझगीत. दागिन्यातला मणी न् मणी मोजून घ्यावा.

मागच्या बाकावरून निलंग्याकडचा एक पोरगा बोलला, “सर, एवढं दिसत नसतंय. तिथं अंधार असतोय.”

मला उत्तर सुचेना. देगलूरजवळच्या होट्टलला मी चारदा गेलेलो. दरवेळी सिद्धेश्वराच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांचे फोटो काढायचे अन् परतायचं. त्या पाहिल्या घरी, पलंगावर पडून, मोबाइलवर. आणि पोरांना शिकवतोय काय, तर बघायचं कसं!

रविवारी निलंग्याची एसटी धरली. गाभाऱ्यात शिरलो आणि सवयीनं मोबाइलची बॅटरी लावली. फुलांचं ताट घेतलेल्या एका मावशीनं डोळ्यांवर हात धरला. “दादा, उजेड काढा की तेवढा.”

काढला. आधी काहीच दिसेना, नुसता समईचा ठिपका. मग एक खांदा आला. बऱ्याच वेळानं त्या खांद्यामागून आलेला हात. चेहरे अजून यायचे होते, अन् मागं रांग थांबली होती.