उथळ पाणी

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आम्ही कॉन्व्हेंटमध्ये परीक्षेपुरती पाठ केली होती. पण मित्रांनो, मालवणला जाऊन आल्यापासून माझं ठाम मत झालंय, की या म्हणीने उथळ पाण्याची उगाच बदनामी केली आहे.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात पाण्याखाली खडक आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये किल्ला बांधायला घेतला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याच पायथ्याशी प्रवाळ आहेत आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे किती जणांना माहीत आहे?

आमच्या ग्रुपमधल्या एकीचं म्हणणं, "एवढंसं तर पाणी, त्यात कसली रिस्क?" आता इथे आपला बॉईलचा नियम आठवा. (फर्स्ट इयरवाल्यांना तरी आठवायलाच हवा!) दर १० मीटर खोलीला साधारण १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवरून २० वर आलं तर हवा १.३३ पट फुगते, पण १० मीटरवरून वर आलं तर चक्क दुप्पट! म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीतली हवा छातीत भरून, श्वास धरून वर आलात, तर दोन मीटरवरूनसुद्धा फुप्फुसाला इजा होऊ शकते. स्नॉर्केलिंगमध्ये मात्र हवा वरचीच असते, त्यामुळे श्वास रोखून बुडी मारली तरी ती वर येताना मूळच्या आकारापेक्षा जास्त फुगत नाही.

पाण्यात तोंड घातलं आणि खरं सांगते, बोलतीच बंद! पिवळे-काळे पट्टेवाले मासे अगदी नाकासमोर. मास्कमुळे सगळं जवळ आणि मोठं दिसतं, तो रिफ्रॅक्शनचा फंडा. तेवढ्यात मास्क नीट करायला एक मैत्रीण खडकावर उभी राहायला लागली, तर होडीवाले काका ओरडले, "बाय, पाय टेकू नको गो! ता जित्ता आसा!"

जित्ता म्हणजे जिवंत. प्रवाळ म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. चुन्याचा सांगाडा बांधत बांधत त्यातले बरेचसे वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. आपल्या हॉस्टेलच्या बादलीएवढा प्रवाळ म्हणजे आपल्यापेक्षा वयाने मोठा असणार! त्यात समुद्र तापला की त्यांच्या शरीरात राहणारं शेवाळ बाहेर पडतं आणि ते पांढरे पडतात. त्या संकटावर आपण एकट्याने काही करू शकत नाही. पण स्वतःचे पाय वर ठेवणं तर आपल्या हातात आहे ना?

खोल समुद्रातल्या प्रवाळाला आपले पाय लागत नाहीत. उथळ पाण्यात ते सहज टेकतात, म्हणून तिथेच जास्त जपायला हवं.

तेव्हा यंदा मालवणला ट्रिप नेणार असाल तर जरूर न्या. सोलकढी प्या, मासे खा, धमाल करा. फक्त पाण्यात उतरल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा: श्वास चालू ठेवायचा आणि पाय टेकायचे नाहीत.