'युनिफॉर्म' या शब्दाची गोष्ट

अनगोळात मराठी माध्यमातून दहावी करून आम्ही दोघी मैत्रिणी पी.यू.सी.ला विज्ञान शाखेत गेलो. तिथे सारे इंग्रजीत. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच चाचणीत प्रश्न आला : समोरासमोर दोन समांतर पट्टिका, एक धनप्रभारित, दुसरी ऋणप्रभारित, मधले क्षेत्र 'युनिफॉर्म'. इलेक्ट्रॉनवरील बल कुठे जास्त, मधोमध की धन पट्टिकेजवळ? आम्ही दोघींनी लिहिले, 'पट्टिकेजवळ.' दोघींनाही शून्य! बारावीनंतर विज्ञान सोडायचे, असे आम्ही वाटेतच ठरवून टाकले.

संध्याकाळी शाळेतल्या आमच्या सरांच्या घरी गेलो. सर हसले. "युनिफॉर्म म्हणजे काय ग? शाळेत घालत होता तोच की! सगळ्यांना सारखा. पट्टिका रुंद आणि अंतर थोडे असेल, तर कडा सोडून मधे कुठेही बल सारखेच. हा खडू टेबलावरून पडो की कपाटावरून, वजन बदलते का?"

मग त्यांनी गणित घातले. अंतर १ सेंटिमीटर, विभवांतर २०० व्होल्ट. म्हणजे क्षेत्र दर मीटरला २०,००० व्होल्ट. त्यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सोडले तर दोघांवरचे बल समान, दिशा मात्र उलट. इलेक्ट्रॉन धन पट्टिकेकडे, प्रोटॉन ऋण पट्टिकेकडे. पण प्रोटॉन सुमारे १८३६ पट जड, म्हणून त्याचे त्वरण तितकेच पट कमी.

अमेरिकेत मिलिकन या शास्त्रज्ञाने १९०९ पासून अशाच दोन पट्टिकांमध्ये तेलाचे बारीक थेंब अधांतरी तोलून धरले, हेही सरांनी सांगितले. वरचे विद्युत बल आणि खालचे वजन सारखे झाले की थेंब स्थिर. त्यावरून त्यांनी इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. १९२३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निघताना सर म्हणाले, "तुमच्यावर इंग्रजीचे ओझे जास्त आहे, म्हणून वेग यायला उशीर लागेल. बल कमी आहे, असे समजू नका."

आम्ही विज्ञान सोडले नाही. विद्यार्थी मित्रांनो, एखादा शब्द अडला तर तो मराठीत विचारा, लाजू नका. आणि पालकांनो, पहिल्या चाचणीच्या गुणांवरून मुलांची शाखा बदलू नका.